धुडकू मास्तरांनी केलेली शांतता

टी.वाय. बी.कॉम.ला शांतता लागते, हा शोध पंडितरावांनी लावला आणि निस्तरला मात्र धुडकू मास्तरांनी.

पंडितराव म्हणजे सुरतेच्या नवागामातल्या त्या गल्लीतले शिक्षणाचे जाणकार. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ते दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा तिथेच बसून राहिले होते. पहिल्याच झटक्यात पास होणाऱ्याला परीक्षेतलं काय कळतं? असं ते म्हणत, आणि गल्लीत त्यांना खोडून काढण्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं. एक होती, धुडकू मास्तरांची योगिता. पण ती लहान होती आणि शिवाय तिला अभ्यास होता.

मास्तर म्हटल्यावर कुणाचाही गैरसमज होऊ नये. धुडकू मास्तर शाळेतले नव्हेत, लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे. ठाकोर शेठच्या दोन खात्यांतले सगळे लूम त्यांच्या हाताखाली. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि बिघडलेला लूम सुधारणाऱ्याला मास्तर. अमळनेरकडच्या त्यांच्या गावात मात्र 'धुडकू सुरतले मास्तर शे' एवढंच पोचलं होतं. गावच्या लग्नात लोक त्यांना शाळांच्या सुट्ट्या कधी लागणार ते विचारत, आणि सातवी शिकलेले धुडकू मास्तर गंभीर चेहऱ्यानं "आते लागतीन" म्हणून सांगत. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. सुट्ट्या लागतातच.

घरात मुलगी मराठी शाळेतून निघून गुजराती माध्यमात बी.कॉम.ला गेली, आणि दोन वर्षं न अडखळता पार करून टी.वाय.ला पोचली, तेव्हा मास्तरांची छाती अशी फुगली की बायकोला, सरलाबाईंना, त्यांच्या शर्टाची बटणं पुढं सरकवून शिवावी लागली. अकाउंट्स, ऑडिटिंग, कॉस्टिंग हे शब्द मास्तर चहाच्या टपरीवर असे सहज टाकत, की जणू ते विषय घरी तेच शिकवतात.

"आण्णा, टी.वाय. शे हाई, खेळ नही," पंडितराव एका संध्याकाळी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले, कारण मास्तरांच्या घराची मागची भिंत आणि एका लूमच्या शेडची भिंत एकच होती. "इतला आवाजमा कसा अभ्यास व्हई? ऋषीमुनी जंगलमा काब्रं जायेत?"

"ऋषीमुनी बी.कॉम. नही करेत," सरलाबाई आतून म्हणाल्या.

पण मास्तरांच्या मनाला ते लागलं. तोवर त्यांना त्या घरात आवाज आहे हेच ठाऊक नव्हतं. मांडणीवरचा तांब्या थरथरत दिवसभरात कडेपर्यंत यायचा आणि सरलाबाई त्याला संध्याकाळी मागं ढकलायच्या, हे सगळ्याच घरांत होत असावं अशी त्यांची समजूत होती. घरात सगळे ओरडूनच बोलत. गावी गेले की शेजारी भांडण सोडवायला येत. आणि ओरडूनही भागलं नाही की हातवारे होतेच. लूमखात्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथं हातांची भाषा चालते. मूठ वर केली की मास्तरला बोलवा. पालथा पंजा खाली दाबला की लूम बंद करा. दोन्ही मुठी छातीपुढं आळीपाळीनं मागंपुढं केल्या की चालू करा. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आले. योगिता लहानपणी बापाचा डबा घेऊन खात्यात जायची, ती ही भाषा बाराखडीच्या आधी शिकली.

तर मास्तरांनी ठरवलं, पोरीला शांतता मिळवून द्यायची. एकदा ठरवलं की धुडकू मास्तर लूमच्या पोटात हात घालायलाही मागंपुढं बघत नसत, इथं तर फक्त शांतता आणायची होती.

प्रथम बारडोली. तिथं सरलाबाईंची मावसबहीण शोभाबाई ऊसमळ्यांच्या मधोमध राहायची. नवरा साखर कारखान्यात, घराभोवती ऊस, आणि आवाज म्हणाल तर पानांच्या सळसळीचा. मास्तर स्वतः पुस्तकांची पिशवी खांद्यावर घेऊन पोरीला पोचवून आले. परत येताना एस.टी.त त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला "मनी आंडेर बारडोलीले अभ्यासले ठेयेल शे" म्हणून सांगितलं. बारडोलीला मुलीला अभ्यासाला ठेवणं हे परदेशी पाठवण्याइतकं मोठं असावं, असा त्यांचा स्वर होता.

आठवडा व्हायच्या आत शोभाबाई योगिताला घेऊन दारात हजर झाली. "दाजी, पोर आजारी शे. पुस्तक उघडस नि झोपी जास. जेवाले उठाडं तर जेवस, नि परत झोपी जास. मी घाबरी गऊ."

गल्ली गोळा झाली. शेजारच्या प्रमिलाबाईंनी "नजर लागनी पोरले" म्हणून मिरच्या उतरवल्या. कुणी खजूर-तूप सुचवलं, कुणी लग्न. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पंडितरावांनी एफ.वाय.च्या दुसऱ्या वेळी आपलंही हेच झालं होतं असं सांगितलं, तेव्हा मात्र मास्तरांना खरोखर धास्ती बसली.

गंमत अशी की घरी आली त्या रात्रीच योगिता टक्क जागी राहून कॉस्टिंगचं आख्खं प्रकरण उरकून बसली. मागच्या भिंतीपलीकडं रात्रपाळी धडधडत होती. सगळ्यांनी श्रेय मिरच्यांना दिलं.

आठवड्यातून एकदा लाइटची सुट्टी असे, त्या दिवशी सगळे लूम बंद. नेमकी त्याच दिवशी योगिता सुस्तावायची. सकाळच्या कॉलेजातही तिला डुलक्या येत. पण सकाळच्या कॉलेजात कोणाला येत नाहीत? शिकवणाऱ्यांनाही येत. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली, मास्तरही घरच्यांसह गावी गेले, तेव्हा महिनाभर तिनं पुस्तकाला हात लावला नव्हता. तेव्हा लोक म्हणाले, प्लेगमध्ये कोण अभ्यास करतो? पहिल्या दोन्ही वर्षांच्या परीक्षा उधन्याच्या एका शाळेत झाल्या होत्या, आणि तिथंही खिडकीला लागून लूम होते. एवढं सगळं समोर मांडलेलं असून ते कुणाला दिसलं नाही. खुद्द योगितालाही नाही. आवाजात वाढलेल्याला आवाज ऐकूच येत नसतो, तर तो गेल्यावर काय गेलं हे कसं कळणार?

मास्तरांनी मोहीम पुढं चालू ठेवली. पोरीच्या कानात कापूस घातला, तिनं जांभया दिल्या. गल्लीतल्या भजनी मंडळाला परीक्षेपर्यंत टाळ न वाजवता भजन करायची विनंती केली, त्यांनी मास्तरांशी बोलणं सोडलं. प्रमिलाबाईंना कुकरच्या शिट्ट्या कमी घ्यायला सांगितल्या. त्यांनी कच्ची डाळ वाटीत घालून आणून दिली आणि "खा आते" म्हणाल्या.

आणि मग हॉल तिकीट आलं.

परीक्षेचं केंद्र वाचून मास्तर मटकन खाली बसले. या वेळी शाळा बदलली होती, आणि त्या शाळेची मागची भिंत म्हणजे ठाकोर शेठच्या दुसऱ्या खात्याची भिंत. तिथला एकेक लूम मास्तरांनी स्वतःच्या हातानं बसवलेला. पोरीच्या बी.कॉम.च्या आड कोण येत होतं, तर मास्तरांचेच लूम!

दुसऱ्या दिवशी मास्तर लग्नातला सफारी घालून विद्यापीठात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून जेवणाची सुट्टी, सुट्टीनंतर पुन्हा पहिली खिडकी. शेवटी चष्मा कपाळावर चढवलेल्या एका कारकुनानं अर्ज हातात घेतला.

"केंद्र केम बदलवुं छे?"

"साहेब, बाजूमां मशीननो बहु अवाज छे."

"कोनां मशीन?"

धुडकू मास्तरांना खोटं बोलता येत नसे. गावच्या लग्नातली गोष्ट वेगळी. "मारां," ते म्हणाले.

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांना नीट पाहिलं. "तो बंद करी द्यो ने, भाई! एमां युनिवर्सिटी शुं करे?"

सगळं ऑफिस हसलं. सफारीतले मास्तर घामानं भिजले. एवढा अपमान त्यांचा पाना हातातून शेठच्या पायावर पडला होता तेव्हाही झाला नव्हता. पण बसस्टॉपवर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की माणूस बोलला ते खरं आहे. लूम बंद करायचे!

आता, लूम बंद करणं म्हणजे काय हे सुरतेबाहेरच्यांना कळायचं नाही. ठाकोर शेठचं खातं दिवाळीला बंद राही, प्लेगला राहिलं होतं, आणि घरात कुणी गेलं तर. शेठच्या आई वारल्या तेव्हाही शेठ स्मशानातून परत येईपर्यंतच लूम थांबले होते. ते मध्येच थांबले की शेठ घरातून धावत येत आणि पहिला प्रश्न विचारत, "कोण मरी गयुं?"

मास्तर शेठपुढं जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी शेठकडं काही मागितलं नव्हतं. धाकट्या भावाच्या लग्नाला ते हळदीला गेले आणि अक्षता पडताच कामावर परत आले होते.

"छोकरीनी परीक्षा छे, शेठ. पेपर चाले त्यां सुधी बीजुं खातुं बंद राखवुं छे."

"अल्या, तुं गांडो थई गयो छे?"

मास्तरांनी तोड आणली होती. वर्षाकाठी एकदा लूम उघडून साफसफाई, तेलपाणी करायचंच असतं. ते पेपरच्या वेळात मी एकटा करीन, वेगळा दिवस घालवणार नाही. शेठ म्हणाले, "बी.कॉम.?" मास्तरांनी मान हलवली. शेठचा स्वतःचा मुलगा बारावीनंतर मोटारसायकल शिकला होता. "कर," शेठ म्हणाले.

राहिले कारागीर. मीटरवर मजुरी घेणारी माणसं, लूम थांबला की त्यांची कमाई थांबते. मास्तरांनी त्यांना कसंबसं सांगितलं. जालन्याकडचा लक्ष्मण पुढं झाला. "मास्तर, पोरीला पेपर लिहू द्या निवांत. कापड आमी रात्री काढून घिऊ. आपल्या खात्यातली कालेज शिकणारी पयली पोरगी हाय ती." मास्तर तिथून उठून तेलाच्या डब्यांमागं गेले आणि उगाचच पाना शोधत राहिले.

पहिला पेपर अकाउंट्सचा. योगितानं आईबापाच्या पाया पडून, दही खाऊन शाळा गाठली. तिला मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं. एकदम चकित करायचं होतं. घंटा झाली आणि धुडकू मास्तरांनी मेन स्विच खाली ओढला.

काय ती शांतता! आधी वाटलं कान फुटले. मग कुठं तरी कबुतर घुमलं, रस्त्यावर कुणी तरी खोकलं, तेही ऐकू आलं. शाळेचा शिपाई घाबरून गेटपर्यंत आला. मास्तरांनी कारागिरांना चहाला पाठवलं आणि कामाला हात घातला. भराभर निम्म्या लूमांची पोटं उघडली. पण मन लागेना. आपण आणलेली शांतता पोरीला कशी लागू पडतेय, ते बघावं म्हणून ते बाजूच्या बोळात गेले, तेलाच्या रिकाम्या पिंपावर चढले आणि शाळेच्या खिडकीतून डोकावले.

योगिता खिडकीजवळच्याच बाकावर होती. सगळी मुलं लिहीत होती. योगिताचं पेन मात्र कागदावर आडवं पडलं होतं आणि मान हळूहळू खाली जात होती, दचकून वर येत होती, परत खाली जात होती.

तेवढ्यात तिनं वर पाहिलं. बाप दिसला. मास्तरांनी मोठ्या अभिमानानं पालथा पंजा खाली दाबून दाखवला. बघ, बंद केलेत! तुझ्यासाठी!

योगितानं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा खिडकीबाहेर कान दिला. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की जणू चार महिन्यांचं कोडं एका क्षणात सुटलं. तिनं दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या आणि आळीपाळीनं मागंपुढं केल्या. चालू करा. मास्तरांना कळेना. तिनं पुन्हा केल्या, जोरात. चालू करा, आण्णा!

"कॉपी! कॉपी!" वर्गातला तरुण सुपरवायझर ओरडला.

शिपायानं मास्तरांना पिंपावरून उतरवलं. पिंप कलंडलं, उरलंसुरलं तेल मास्तरांच्या पँटवर गेलं, आणि तशा अवस्थेत त्यांना सगळ्या वर्गासमोर उभं करण्यात आलं. पोरीच्या परीक्षेत कॉपी पुरवताना पकडलेला बाप! ज्यांनी चहाच्या टपरीपासून एस.टी.तल्या परक्या माणसापर्यंत सगळ्यांना बी.कॉम. ऐकवलं होतं, त्या धुडकू मास्तरांना आता धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. स्वतःचं काही नाही, पण पोरीचा पेपर जातो आहे!

"आ इशारो शेनो हतो?" शाळेच्या मुख्याध्यापिका आणि केंद्राच्या मुख्य निरीक्षक देसाई मॅडमनी योगिताला विचारलं. "कया प्रश्ननो जवाब?"

योगिता उठून उभी राहिली. रडत नव्हती. "मॅडम, जवाब नथी. में आण्णाने कह्युं, लूम चालू करो. मने ऊंघ आवे छे."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. मास्तरांकडं वळून म्हणाल्या, "लूम तमे बंद कराव्या?"

"हा. मारी छोकरीने शांति मळे एटले."

देसाई मॅडम खुर्चीवर बसल्या. ही शाळा उघडल्यापासून त्या लूम बंद व्हावेत म्हणून अर्ज करत होत्या. आज पहिल्यांदा बंद झाले, आणि ही मुलगी म्हणते चालू करा! त्यांनी योगिताची उत्तरपत्रिका उलटून पाहिली. पहिल्या पानावर अर्धी ओळ होती आणि ती उतरत उतरत खाली गेली होती. कुणी कॉपी करून इतकं कमी लिहीत नाही, हे त्यांना पटलं असावं. "बेस," त्या योगिताला म्हणाल्या. आणि मास्तरांना म्हणाल्या, "तमे जाओ अहींथी. दोडो!"

धुडकू मास्तर धावले. तेलानं माखलेल्या पँटनिशी, चप्पल शाळेतच सोडून धावले. खात्यात आले तर निम्मे लूम त्यांनीच उघडून ठेवलेले, सुटे भाग जमिनीवर पसरलेले आणि कारागीर चहाला गेलेले! टपरीसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही मुठी मागंपुढं केल्या. लक्ष्मणनं कप तसाच ठेवला. सगळे पळत आले. कुणी का म्हणून विचारलं नाही. त्या खुणेला का विचारायचं नसतं.

भिंतीलगतचा पहिला लूम खडखडला. मग दुसरा. मग एकेक करत जेवढे धड होते तेवढे सगळे. भिंत थरथरायला लागली, शाळेच्या खिडकीची काच वाजायला लागली, आणि मास्तर परत बोळात जाऊन, या वेळी पिंपावर न चढता, टाचा उंचावून बघायला लागले.

अठवालाइन्सच्या शांत बंगलेवस्तीतल्या एका मुलानं कानांवर हात ठेवले होते. पण लिंबायत, डिंडोली, नवागाम या लूमवस्त्यांतली पोरं होती, ती जरा सावरून बसली. इतका वेळ पेन चावत होती, ती आता लिहायला लागली. आणि योगिता! तिची मान ताठ होती, पेन पळत होतं, मध्येच आकडेमोड करताना ती लूमच्या ठेक्यावर बोटं आपटत होती. धुडकू मास्तर भिंतीला हात लावून उभे राहिले. भिंत हातात धडधडत होती. या आवाजाची त्यांना चार महिने लाज वाटली होती. हाच आवाज तिला अंगाईसारखा मिळाला होता आणि अभ्यासालाही पुरला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. आपण पोरीला काहीच देऊ शकलो नाही, असं आता कुणी म्हणून दाखवावं!

पुढचे सगळे पेपर लूमच्या साथीनं पार पडले. तेलपाणी मास्तरांनी रात्री उरकलं.

निकाल लागला. योगिता फर्स्ट क्लास. पंडितरावांनी "मी म्हनतच व्हतू" म्हणून पहिला पेढा घेतला. भजनी मंडळ बोलायला लागलं. प्रमिलाबाईंनी शिजवलेली डाळ पाठवली. योगिता आता पुढं एम.कॉम.चा विचार करत होती.

पेढ्यांचा मोठा डबा घेऊन मास्तर पोरीसह खात्यात गेले. आवाज चालूच होता. लक्ष्मणनं लांबूनच भुवया उंचावून, हात उलटा करून विचारलं, काय झालं? मास्तरांनी उत्तर द्यायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. धागा तुटला, चहा आणा, शेठ आले, या सगळ्याला खूण होती. माझी मुलगी ग्रॅज्युएट झाली, याला त्या भाषेत खूणच नव्हती. आजवर कुणाला लागलीच नव्हती.

मग धुडकू मास्तरांनी शेठला न विचारता सरळ जाऊन मेन स्विच ओढला.

लूम एकेक करत थांबले. सगळे कारागीर मास्तरांकडं बघायला लागले. "मनी आंडेर," मास्तर म्हणाले, आणि सवयीनं इतक्या मोठ्यानं म्हणाले की पत्रे घुमले, "बी.कॉम. व्हयनी!"

तोवर ठाकोर शेठ लेंग्याची नाडी सावरत धापा टाकत दारात आले. "कोण मरी गयुं? अल्या, कोण मरी गयुं?"

"कोई नथी मर्युं, शेठ," मास्तर म्हणाले, आणि पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "मारी छोकरी बी.कॉम. थई गई."

शेठनी पेढ्याकडं पाहिलं, थांबलेल्या लूमांकडं पाहिलं, योगिताकडं पाहिलं. पेढा तोंडात टाकला. चालू करा म्हणाले नाहीत. खातं तसंच गप्प उभं राहिलं.

तेव्हा दारात उभ्या असलेल्या योगितानं हसून दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या आणि आळीपाळीनं मागंपुढं केल्या.

मास्तरांनी स्विच वर केला. सगळे लूम एकदम धडधडले. त्या आवाजात माणूस मोठ्यानं रडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. खात्यातल्या या सोयीचा फायदा धुडकू मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.